गोडं पाणी

बाप सांगायचा, बंधारा बांधून झाला
तरी समुद्र एका दिवसात मेला नाही.
गोडा व्हायला त्याला काही वर्षं लागली.
आधी हेरिंग गेले, मग कोळंबी, मग चव.
मागे राहिली वाम.
ती दोन्ही पाण्यांत जगते.

आम्ही चौघे. टुनिसची गिटार,
नेलिसचा ऑर्गन, पाद्र्याने उसना दिलेला आणि कधीच परत न मागितलेला,
माझे ड्रम, आणि दुपारी तीनपर्यंत
भट्टीत वाम धुरवायचं काम.
हिल्के पुढे उभी राहायची, कारण मासळीच्या लिलावात
तिचाच आवाज शेवटच्या होडीपर्यंत जायचा.
नाव ठेवलं झाउडरविंड. दक्षिणेचा वारा.
आमच्या गावात वारा पश्चिमेचा असतो,
पण पोस्टरवर हे बरं दिसलं.

एकमेकांवर रचलेले तीन सूर, एवढंच येत होतं,
तेही रविवारच्या प्रार्थनेत शिकलेलं.
वरचा हिल्केचा, मधला टुनिसचा,
खालचा नेलिसचा, तो कायम केसभर उतरलेला.
लोक त्याला आमची शैली म्हणू लागले.
शेवटच्या धृपदाआधी अख्खं गाणं अर्धा सूर वर.
नेलिस म्हणायचा, बांधाची चढण संपते
आणि एकदम पाणी दिसतं ना, तसं.
एका गाण्यात चाललं म्हणून दुसऱ्यात केलं,
मग सगळ्यांतच.
सतरा रेकॉर्डी आम्ही तोच बांध चढत होतो.

इंग्रजी शब्द शब्दकोशातून काढायचो.
हृदयाला तीन यमकं मिळाली, ती आयुष्यभर पुरली.
हिल्केची जीभ परक्या अक्षरांना अडखळायची,
आणि देशाला वाटायचं, ही लाडात आलीय.

अ‍ॅमस्टरडॅमच्या एका मासिकाने लिहिलं: फार गोड.
टुनिस दोन दिवस जेवला नाही.
बापाने कात्रण धुराने काळ्या झालेल्या बोटांत धरलं,
चष्मा वर केला, म्हणाला,
"गोड व्हायचंय का, असं आपल्याला कुणी विचारलं होतं?"

सुराबायाच्या मैदानात इतकी माणसं
की मला शेवटची रांग दिसेना.
आमच्या ओळींचा अर्थ त्यांना ठाऊक नव्हता,
आम्हालाही अर्धाच.
तरी नेमक्या जागी सगळे वर चढले,
आमच्याआधी पाव मात्रा.
हॉटेलात नेलिस बाथटबच्या काठावर बसून रडला
आणि मला म्हणाला, उकाडा फार आहे.

मग डॉर्टमुंड. एक्क्याऐंशीचा नोव्हेंबर.
शेवटचं धृपद आलं, मी ठोका दिला,
ऑर्गन चढला, टुनिस चढला,
आणि हिल्के खालीच राहिली.
आठ मात्रा.
दोन सूर, इतके जवळ की एकमेकांना कापत होते.
तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं,
लिलावात भाव पडताना असायचं तसं.
लोकांना वाटलं स्पीकर बिघडला.
माझ्या जिभेवर मात्र मीठ आलं,
मी कधीच न चाखलेल्या समुद्राचं.

रात्री गाडीत कुणी बोललं नाही.
सरहद्दीपाशी ती म्हणाली, मला इथे उतरवा.
आम्ही उतरवलं.

नंतर नवी मुलगी आली, सुरात पक्की, दात सुंदर.
खरा पैसा तिच्या काळात झाला.
निरोपाचे कार्यक्रम केले तीन,
तिसऱ्याला नेलिस नव्हता.

हिल्के डेन हेल्डरला असते, खाऱ्या बाजूला.
कार्ड पाठवते नाताळात. गाण्याचं काही लिहीत नाही.

आता वामच कमी झाली.
अंडी घालायला तिला खोल समुद्र लागतो
आणि मध्ये आमचा बंधारा.
म्हणून शरदात आम्ही काही म्हातारे
रात्री बादल्या भरून तिला पलीकडे नेतो.
चढण उभी आहे, गुडघे कुरकुरतात,
बादलीत ती वळवळते, झाकणावर आपटते,
ठोका माझ्यापेक्षा बरा.
मी सवयीने मोजत चढतो.
सात. आठ.
वर पोचल्यावर वारा लागतो, पश्चिमेचा.
मग पलीकडे खाली उतरायचं असतं.